नहुषाची दृष्टी



अधिकार हाती आला की मनुष्य बिघडतो, हे वाक्य लोकव्यवहारात नित्य ऐकू येते. तो का बिघडतो, ह्याचे उत्तर मात्र बहुधा घाईने दिले जाते. कोणी म्हणतो, तो मुळातच तसा होता. संधी मिळाली आणि उघडा पडला. कोणी म्हणतो, अधिकार हेच विष. त्याला शिवेल तो वाचणार नाही. पहिले उत्तर खरे मानले तर सज्जनास भय उरत नाही, कारण प्रत्येक सज्जन ‘आपण तसे नाही’ असे समजून निश्चिंत होतो. दुसरे खरे मानले तर कोणीच भार उचलू नये असे ठरते. आणि भार उचलणारा कोणी नसेल तर कुटुंब, गाव, आश्रम, मार्ग ह्यांपैकी एकही चालणार नाही. म्हणून ह्या दोन्ही उत्तरांपाशी न थांबता, चांगला मनुष्य अधिकारावर आल्यानंतर त्याच्या ठिकाणी नेमके काय घडते, हे पायरीपायरीने पाहिले पाहिजे. महाभारतातील नहुषाचे आख्यान ह्या पाहण्यास फार उपयोगी आहे.

वृत्राच्या वधानंतर इंद्र आपल्याच कर्माच्या भयाने जळात लपून बसला. स्वर्ग अराजक झाला. तेव्हा देव आणि ऋषी मृत्युलोकीच्या नहुष राजाकडे आले. नहुष हा आयूचा पुत्र, ययातीचा पिता. धर्मशील आणि यज्ञशील म्हणून कीर्ती पावलेला. इंद्रपद स्वीकारावे अशी विनंती त्यास झाली, तेव्हा त्याने दिलेले उत्तर साधकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण दुर्बल आहोत, देवांचे पालन करण्याचे सामर्थ्य आपल्या ठायी नाही, असे तो म्हणाला. हे त्याचे ढोंग नव्हते. व्यासांनी त्यास ढोंगी म्हटलेले नाही. ज्या मनुष्याचा पुढे अजगर झाला, त्याच्या आख्यानाचा आरंभ अशा खऱ्या विनयाने होतो.

मग देवांनी त्याची उणीव भरून काढण्यासाठी एक वर दिला. देव, दानव, ऋषी, यक्ष ह्यांपैकी जो कोणी त्याच्या दृष्टीस पडेल, त्याचे तेज नहुषाकडे यावे, असा तो वर. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. दुर्बल राजा सबळ व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. पण त्या वराचा दुसरा अर्थ त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आला नाही. जो समोर येतो त्याचे तेज हरपते, ह्याचा अर्थ असा की ह्यापुढे ह्या राजासमोर ताठ उभा राहून ‘हे अनुचित आहे’ असे म्हणणारा कोणी उरणार नाही. त्याला दुरून सर्व दिसेल. परंतु जो जवळ येईल तो निस्तेज झालेलाच दिसेल. नहुषाच्या अधःपाताचे बीज त्याच्या कामवासनेत शोधण्याची रीत आहे. ती वासना पुढे आली खरी. पण बीज पेरले गेले ते ह्या दृष्टीत.

पुढील क्रम सर्वांस विदित आहे. नंदनवनातील विहारात त्याचे दिवस जाऊ लागले. एके दिवशी इंद्रपत्नी शची दृष्टीस पडली आणि तिने आपल्या सेवेस यावे असे त्याने फर्मावले. देवांनी भीत भीत निषेध केला. त्यावर त्याने केलेला प्रतिवाद फार बोलका आहे. इंद्राने अहल्येशी अधर्म केला, तेव्हा त्यास का आवरले नाही, असे त्याने विचारले. जो मनुष्य पूर्वी धर्म काय आहे असे विचारीत असे, तो आता पूर्वीच्याने काय केले असे विचारू लागला. ज्या दिवशी धर्माच्या जागी पूर्वाधिकाऱ्याचे पाप प्रमाण म्हणून पुढे येते, त्या दिवशी पतन झालेच असे समजावे. मागाहून घडते ते केवळ त्याचे प्रकट होणे.

शचीने मुदत मागितली. लपलेल्या इंद्राच्या सांगण्यावरून तिने नहुषास निरोप दिला, की ऋषींनी वाहिलेल्या वाहनात बसून यावे. ह्या सूचनेत आपला नाश आहे हे नहुषास कळले नाही. उलट असे अपूर्व वाहन सुचविल्याबद्दल तो प्रसन्न झाला. ज्यांनी त्यास विनंती करून वर आणले, त्याच ऋषींच्या खांद्यावर त्याची पालखी चढली. वाटेत ऋषींनी वेदमंत्रांच्या प्रामाण्याविषयी प्रश्न केला. वाद झाला. वाद असह्य होऊन त्याने अगस्त्यांच्या मस्तकास पाय लावला, आणि त्या क्षणी शाप पावून तो सर्प होऊन खाली पडला. पालखी वाहावयास लावली तोवर अगस्त्यांनी शाप दिला नव्हता. प्रश्नाला पायाने उत्तर मिळाले, तेव्हा दिला.

ब्रह्मविद्येच्या दृष्टीने ह्या आख्यानाचा विचार केला म्हणजे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत, असे सर्वज्ञांचे निरूपण आहे. इंद्रपद हे देवताचक्रातील एक फळ. आणि देवताफळ कितीही मोठे असले तरी भोगून सरणारे. जीव त्या पदावर बसला म्हणून तो जीवपणातून सुटत नाही. त्याची अविद्या त्याच्यापाशीच असते. पद बाहेरून येते, अविद्या आतून जात नाही. आणि ह्या दोहोंची गाठ पडली की अन्यथाज्ञान उत्पन्न होते. पदाला झालेला दंडवत आपल्याला झाला, असे जीवास वाटू लागते. पदाजवळ आलेले द्रव्य आपल्याकडे आले असे वाटते. पदाच्या भयाने गप्प बसलेला मनुष्य आपल्या बुद्धीपुढे निरुत्तर झाला असे वाटते. ह्या तीन भ्रांतींपैकी शेवटची अत्यंत घातक होय. पहिल्या दोन भ्रांती कोणीतरी दाखवून देऊ शकतो. तिसरी मात्र दाखविणाराचेच तोंड बंद करते.

नहुषाची कथा पुराणकालीन म्हणून दूर ठेवावी, तर इतिहासानेही तिची साक्ष दिली आहे. ययातीचा पुत्र यदु. म्हणजे नहुष हा यदूचा आजा. देवगिरीचे राजे आपणांस त्याच यदूच्या कुळातील म्हणवीत. कृष्णदेव यादवाच्या मृत्यूसमयी त्याचा पुत्र रामदेव लहान होता, म्हणून १२६१ च्या सुमारास राज्य कृष्णदेवाचा बंधू महादेव ह्याच्याकडे आले. महादेवाच्या पश्चात त्याचा पुत्र अम्मण गादीवर बसला. रामदेवास हे राज्य आपले वाटत होते, आणि तसे वाटण्यास कारणही होते. त्याचा पिता वडील बंधू होता. पण १२७१ मध्ये राज्य हाती आले ते ज्या रीतीने आले, ती रीत न्यायाची नव्हती. नटांच्या वेषात माणसे गडावर शिरली, तरुण राजा पकडला गेला आणि त्याचे डोळे काढविण्यात आले, असे पंथीय परंपरेने सांगितले आहे. इतिहासकारांनीही ते ग्राह्य धरले आहे. ज्याचे डोळे काढले तो रामदेवाचा चुलतबंधू होता.

रामदेवराव दुष्ट राजा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या राज्यात विद्वानांस आश्रय होता, मराठी वाणीचे मोठे ग्रंथ त्याच्याच काळी झाले. लीळाचरित्राची रचना त्याच काळची. आणि १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत त्याचा उल्लेख न्यायाने राज्य करणारा राजा म्हणूनच येतो. म्हणूनच हे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. न्यायी म्हणविला गेलेला राजा आपल्या अधिकाराच्या आरंभी भावाचे डोळे काढवितो, हा विरोध वाचकास अस्वस्थ करतो, आणि तसा तो करावयासच हवा. आपला हक्क खरा आहे ही खात्री मनुष्यास किती दूर नेते, हे त्यात दिसते. लोभी मनुष्य पाप करताना थोडा तरी कचरतो. ज्यास आपली बाजू न्यायाची वाटते, तो कचरत नाही.

पंचवीस वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. शत्रू विंध्य ओलांडून थेट राजधानीजवळ पोहोचेपर्यंत राजा सावध झाला नव्हता. सैन्याचा मोठा भाग राजपुत्रासमवेत बाहेर होता. रामदेव गडावर चढला. गडावर धान्य हवे म्हणून कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती घाईने वर नेण्यात आली. वेढा पडल्यावर ती सोडली तेव्हा आत मीठ निघाले, अशी हकीकत फारसी इतिहासकारांनी नोंदविली आहे. अभेद्य मानलेला गड शरण आला. पुढे खंडणी थकली, तेव्हा मलिक काफूरने रामदेवास पकडून दिल्लीस नेले. तेथून ‘राय रायान’ ही पदवी घेऊन तो परत आला. स्वतंत्र राजास पदवी मिळणे ही केवढी हानी होय!

मिठाच्या पोत्यांची ही हकीकत अधिकारावरील प्रत्येक मनुष्याने मनाशी बाळगावी. पोते दिसत होते, वजन होते, संख्याही पुरेशी होती. उणे होते ते एवढेच, की कोणी तोंड सोडून आत हात घातला नव्हता. अधिकाऱ्याभोवती असेच होते. जयजयकाराची, होकाराची, ‘सर्व ठीक आहे’ ह्या निरोपाची पोती रचलेली असतात. त्यांकडे पाहून त्यास वाटते, आपला साठा भरपूर आहे. वेढ्याच्या दिवशी कळते की ह्यातील एक मूठही खाण्याजोगी नाही.

ज्याने देवगिरी लुटली त्याचीही गती ह्याहून निराळी झाली नाही. देवगिरीचे द्रव्य घेऊन परतताच अल्लाउद्दीनने आपला चुलता आणि सासरा जलालुद्दीन ह्यास भेटीस बोलावून मारविले व दिल्लीचे तख्त घेतले. पुढे त्याच्या अखेरच्या दिवसांत सर्व सूत्रे मलिक काफूरच्या हाती गेली. आणि १३१६ मध्ये तो मरण पावल्यावर काफूरने त्याचेच दोन पुत्र, खिज्रखान आणि शादीखान, ह्यांचे डोळे काढविले. एका राज्याचा आरंभ आंधळे करण्याने, तर दुसऱ्याचा शेवट आंधळे करण्याने. सत्तेचा मद धर्म, भाषा, प्रांत असा भेद पाळीत नाही. पाहणारा डोळा तिला नको असतो; मग तो प्रतिस्पर्ध्याचा असो, सल्लागाराचा असो, अथवा स्वतःच्या विवेकाचा असो.

आता ह्याच यदुकुळातील दुसरे चरित्र पाहावे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी कंसाचा वध केला, तेव्हा मथुरेचे सिंहासन रिकामे होते आणि लोक त्यांच्याच मुखाकडे पाहत होते. त्यांनी उग्रसेनास सिंहासनावर बसविले. युधिष्ठिराच्या राजसूयात ज्यांची अग्रपूजा झाली, त्यांनी त्याच यज्ञात आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले होते. कुरुक्षेत्रावर ते रथी न होता सारथी झाले. परमेश्वरास मोठेपण राखावे लागत नाही, कारण ते त्याचे आहे. जीवास राखावे लागते, कारण ते उसने आहे. कोणी आपल्या मानास फार जपताना दिसला, तर त्याचे मोठेपण उसने आहे हे त्यावरूनच ओळखावे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानातही हाच प्रकार दिसतो. ते सर्वज्ञ असता त्यांना विचारण्याची मुभा सर्वांस होती. महदाइसा ही विधवा स्त्री त्या काळच्या समाजात कोणत्याही सभेत बोलण्यास अधिकारी मानली गेली नसती. ती पुनःपुन्हा विचारी, शंका काढी, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा पुसे. तिची ही जिज्ञासा दोष म्हणून गणली गेली नाही. तिच्या प्रश्नांमुळे कितीतरी निरूपण मार्गास लाभले. जेथे साक्षात परमेश्वरास पुसता येत होते, तेथे एखाद्या जीवाने अधिकारावर बसून ‘मला विचारणारा तू कोण’ असे म्हणावे, ह्याहून मोठी विपरीतता कोणती?

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आणि श्रीगोविंदप्रभूंच्या पश्चात मार्गाचा भार आचार्य श्रीनागदेवांवर आला. त्यांच्या भोवती त्या काळचे गाढे पंडित होते. पंडितांचा परिवार असलेल्या नेत्यास एक सूक्ष्म मोह असतो. आपल्याला केवळ विद्वानांनीच समजावे, असे त्यास वाटू लागते. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञाने ग्रंथरचना संस्कृतात करण्याचे मनात आणले, तेव्हा आचार्यांनी ते नाकारले. त्या योगे स्वामींच्या साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. ह्या निर्णयाकडे मराठी भाषेच्या अभिमानाचा प्रसंग म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात नेतृत्वाचाही एक धडा आहे. जी वाणी म्हातारीस कळते, त्या वाणीत म्हातारीस प्रश्नही विचारता येतो. आचार्यांनी भाषेचे दार उघडे ठेवले, म्हणजे आपल्यापर्यंत येणाऱ्या शंकेचेच दार उघडे ठेवले.

म्हाइंभटांचे उदाहरण ह्याला पूरक आहे. ते मोठे विद्वान आणि वादपटू. आरंभी आले ते विद्येचा ताठा घेऊनच. त्याच म्हाइंभटांनी पुढे स्वामींच्या लीळा एकत्र करण्यासाठी ज्याने ज्याने पाहिले आणि ऐकले होते, त्याचे घर गाठले आणि त्याच्या तोंडून ऐकून घेतले. पंडिताने बोलणे सोडून ऐकणे स्वीकारले, म्हणून लीळाचरित्र झाले.

ह्या सर्वांचा उपयोग काय, असे साधकाने विचारावे. राजांचे दोष वाचून हळहळणे सोपे आहे. पण अधिकार देवगिरीच्या गडावरच असतो असे नाही. चार शिष्यांचा गुरू, आश्रमाचा चालक, यात्रेच्या कमिटीचा प्रमुख, गावचा सरपंच, सहकारी सोसायटीचा अध्यक्ष, सुनेवर सत्ता चालविणारी सासू, मुलांवर हात उगारणारा बाप, ह्या प्रत्येकास देवांनी नहुषास दिला तो वर थोड्याफार अंशाने मिळालेला असतो. त्याच्यासमोर येणाऱ्याचे तेज किंचित कमी होतेच. शिष्याला भिक्षान्नाची आणि आश्रयाची काळजी असते, गावकऱ्याला दाखल्याची आणि कर्जाची, सुनेला घराची. म्हणून ते होय म्हणतात. त्या होकाराचा किती भाग मनापासून आणि किती भयापोटी, हे अधिकाऱ्याने स्वतःच तपासले पाहिजे. समोरचा ते सांगू शकणार नाही.

मठ आणि आश्रम ह्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. स्वामींनी अनुसरलेल्यास एकांत, अटन, भिक्षा, परिग्रहाचा त्याग असा आचार घालून दिला. त्यातील प्रत्येक अंग अधिकारमदावरील औषध आहे. जो दारोदार झोळी घेऊन जातो, त्याला रोज कोणीतरी ‘पुढे जा’ म्हणणारे भेटते. हे ‘पुढे जा’ ऐकणे हा भिक्षेचा गुप्त लाभ होय. पुढे आश्रम झाले, जमिनी आल्या, इमारती आल्या, उत्सव वाढले. धर्मरक्षणासाठी त्यांची आवश्यकता नाही असे कोणी म्हणणार नाही; स्थाने राखणे, पोथ्या जपणे, ज्ञानदान करणे ह्यांस साधने लागतात. परंतु आश्रमाबरोबर झोळी भिंतीवर खुंटीला टांगली गेली, तर ‘पुढे जा’ म्हणणारा शेवटचा मनुष्यही नाहीसा होतो. मग महंताच्या आसनासमोर फक्त दंडवत उरतात. दंडवत घालणाऱ्याचे कल्याण होते ह्यात शंका नाही; ते घेणाऱ्याचे कल्याण होईलच असे नाही.

म्हणून ज्याच्याकडे भार आहे त्याने तीन गोष्टी सांभाळाव्या. हिशेब दुसऱ्याच्या हाती असावा आणि तो मागेल त्यास दाखविता यावा. आपल्याहून ज्येष्ठ वा समान असा एक तरी साधनवंत असावा, की ज्याच्यासमोर आपले दोष उच्चारता येतील आणि ज्याला आपल्यापासून काही मिळवावयाचे नाही. आणि कोणी अप्रिय प्रश्न केला तर त्या दिवशी उत्तर देऊ नये. प्रश्न रात्रभर मनात ठेवावा. रागाने दिलेले उत्तर बहुधा पायाने दिलेले असते.

वासनिकांचाही ह्यात वाटा आहे. नहुषास तो वर देवांनीच दिला होता, हे विसरता कामा नये. आपल्या नेत्याभोवती भय आणि स्तुती ह्यांचे वलय अनुयायी उभे करतात, आणि नेता त्यात गुदमरला म्हणजे तेच त्याला दोष देतात. श्रद्धा आणि मिंधेपण ह्यांतील भेद ओळखावा. श्रद्धावान पुसतो, कारण त्यास जाणून घ्यावयाचे असते. मिंधा पुसत नाही, कारण त्याला मिळवावयाचे असते. ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला एकांतात, हात जोडून, पण स्पष्ट सांगणे ही सेवाच होय. पालखी वाहणाऱ्या ऋषींनी पालखी खांद्यावर घेण्यापूर्वीच प्रश्न केला असता, तर नहुषाचे पतन कदाचित टळले असते.

आख्यानाचा शेवट वनपर्वात आहे. वनवासातील पांडवांपैकी भीमसेनास एका अजगराने विळखा घातला. दहा हजार हत्तींचे बळ त्या विळख्यात निरुपयोगी ठरले. शोधीत आलेल्या युधिष्ठिराने बळ न वापरता सर्पास विचारले, तू कोण. तो नहुष होता. ऐश्वर्याच्या मदाने आपण कसे भ्रमलो, हे त्याने लपविले नाही. शहाण्यासही वैभव मोहित करते, हे त्याने आपल्याच मुखाने कबूल केले. मग त्याने युधिष्ठिरास प्रश्न केले. ब्राह्मण कोणास म्हणावे, जाणण्याजोगे काय आहे, असे ते प्रश्न. युधिष्ठिराने सांगितले, की सत्य, दया, क्षमा, शील ही ज्याच्या ठायी दिसतात तो ब्राह्मण. केवळ जातीने नव्हे. सर्पाने ते ऐकले. भीमसेन सुटला आणि नहुषही सर्पदेहातून मुक्त झाला.

पालखीत बसलेला राजा प्रश्न ऐकून घेऊ शकला नाही, म्हणून सर्प झाला. जमिनीवर पडलेला सर्प प्रश्न विचारून उत्तर ऐकू लागला, तेव्हा सर्पपण गळून पडले. ज्या जीवाने अधिकाराच्या आसनावर असतानाच हे ऐकणे शिकून घेतले, त्याला खाली पडून ते शिकण्याची पाळी येत नाही. परमेश्वर सर्व साधकांस तशी बुद्धी देवो.